खांब उभे केले आणि फ्रिक्वेन्सी उतरायच्या ऐवजी चढली

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही १२८ अंश कटच्या, म्हणजे त्या ठरावीक कोनात कापलेल्या, लिथियम नायोबेट स्फटिकावर सॉ रेझोनेटर बनवला, म्हणजे पृष्ठभागालगत धावणाऱ्या ध्वनितरंगांना दोन टोकांच्या रिफ्लेक्टरमध्ये अडवून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला घुमवणारं उपकरण. तरंगलांबी ५० मायक्रॉन, फ्रिक्वेन्सी ७९ मेगाहर्ट्झच्या आसपास. मधल्या मोकळ्या जागेत एसयू-८ चे (प्रकाशाने आकार देता येणाऱ्या पॉलिमरचे, म्हणजे रेझिस्टचे) बारीक खांब उभे केले. व्यास ६ मायक्रॉन, उंची १०, एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत २५. वजन वाढलं की फ्रिक्वेन्सी उतरते, हे आपण सगळेच शिकलो. त्या हिशेबाने ती दीडशे-दोनशे किलोहर्ट्झ उतरायला हवी होती, पण सुमारे ४० किलोहर्ट्झ चढली. त्याच मास्कवरच्या, म्हणजे आराखड्याच्या त्याच काचेवरून बनवलेल्या, दुसऱ्या नमुन्यात जवळपास काहीच फरक पडला नाही. आणि वेगळ्या डिले लाइनवर (एका टोकाला तरंग सोडून दुसऱ्या टोकाला तो टिपणाऱ्या रचनेवर) एकच खांब उभा केला, तर त्याने तरंग अडवल्याची खाच आलेखात कुठेच दिसत नाही. गाइडचं मत असं की मोजण्यातच चूक आहे.

मी गेली अठरा वर्षं सॉ डिव्हाइस बनवते आणि मोजते. तुम्ही दिलेल्या मापांवरून मला वाटतं की तुमचं मोजमाप बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे. चूक गृहीतकात आहे. खांब म्हणजे पृष्ठभागावर ठेवलेलं वजन, असं धरून तुम्ही हिशेब केलात. खांब नुसतं वजन नाही. त्याला स्वतःची लय आहे, आणि खालची जमीन किती वेगाने हलते यावर तो तिला कसा उत्तर देतो हे ठरतं.

घरी करता येईल असा एक प्रयोग सांगते. विद्यार्थ्यांना मी नेहमी तो करायला लावते. लांबशा रबरबँडला किल्ल्यांचा जुडगा बांधा आणि वरचं टोक बोटांत धरा. हात सावकाश वर-खाली करा. जुडगा हाताबरोबर जातो, आणि हाताला जुडग्याचं वजन जाणवतं. वेग वाढवत न्या. एका ठरावीक वेगाला जुडगा वेड्यासारखा नाचायला लागतो. त्याच्याही पुढे गेलात, की हात वर जातो तेव्हा जुडगा खाली येतो आणि हात खाली जातो तेव्हा वर. आता तो प्रत्येक वेळी हाताला मधल्या जागेकडे परत खेचतोय. हाताला जे जाणवतं ते वजन उरलेलं नाही, ती जादा स्प्रिंग आहे. वजन लावलं तर कंपन मंदावतं, स्प्रिंग लावली तर वेगावतं. तुमचे ४० किलोहर्ट्झ इथून आले असावेत.

ही नवी गोष्ट नाही. क्वार्ट्झ क्रिस्टलवर सूक्ष्म कण ठेवला आणि तो पुरेसा घट्ट चिकटलेला नसेल, तर फ्रिक्वेन्सी उलट वाढू शकते, हे डिबवाड यांनी १९८५ मध्ये दाखवलं. नेमका तुमचाच मांडणीचा प्रकार, म्हणजे सॉ रेझोनेटरवर एसयू-८ चे खांब, आयआयटी गुवाहाटीत रामकृष्णन, नेमाडे आणि सहकाऱ्यांनी अभ्यासला. खांबांमुळे फ्रिक्वेन्सी वाढते हे त्यांनी प्रयोगाने आणि सिम्युलेशननेही दाखवलं, आणि त्याचा संबंध डिबवाडच्या जोड-रेझोनेटरशी, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दोन कंपकांच्या कल्पनेशी, लावला. ते काम २०११-१२ चं आहे. गाइडसमोर आधी ते ठेवा, बोलणं सोपं होईल.

आता तुमचे आकडे घालून पाहू. एसयू-८ ची घनता पाण्याच्या सुमारे १.२ पट. त्याचा यंग मोड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, तुम्ही बेक कसं केलंय त्यावर २ ते ५ गिगापास्कलमध्ये कुठेही असू शकतो. मी ४ धरते. मग खांबातून उभा, दाब-ताणाचा तरंग सेकंदाला साधारण १८०० मीटर वेगाने जातो. तळाशी रोवलेला आणि वर मोकळा असलेला खांब उभ्या दिशेने पहिल्यांदा अनुनादात येतो तो त्याची उंची या तरंगाच्या लांबीच्या पाव भागाएवढी झाली की. ७९ मेगाहर्ट्झला ती उंची होते सुमारे ५.८ मायक्रॉन. अर्धी तरंगलांबी होते ११.६ ला. तुमचे १० मायक्रॉन बरोबर या दोन्हींच्या मध्ये पडतात.

खांब तळाला किती जड वाटतो, हे त्याच्या उंचीच्या टॅन फलनाने ठरतं. पाव तरंगलांबीच्या आत टॅन धन असतो. खांब आपल्या खऱ्या वजनापेक्षाही जड वाटतो आणि फ्रिक्वेन्सी उतरते. पाव आणि अर्ध्याच्या मध्ये टॅन ऋण असतो. खांब ऋण वजनासारखा वागतो आणि फ्रिक्वेन्सी चढते. नेमक्या अर्ध्यावर टॅन शून्य, म्हणजे खांब असून नसल्यासारखा. तुमच्या १० मायक्रॉनला मला ऋण वजन मिळतं, पण खऱ्या वजनाच्या साधारण सहाव्या भागाएवढंच. चढ मिळाली पण छोटी मिळाली, हे त्याच्याशी जुळतं. सर्वांत मोठी चढ तुम्हाला १० वर मिळणार नाही, ती ६ ते ७ मायक्रॉनच्या आसपास मिळेल. आणि ३ मायक्रॉनचे खांब केलेत तर फ्रिक्वेन्सी निमूट खाली येईल, माझ्या अंदाजाने ७० किलोहर्ट्झच्या आसपास.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर उत्तर सोपं होतं. पण खांब फक्त लांब-आखूड होत नाही, तो वाकतोही. आणि रॅले तरंग, म्हणजे तुमच्या रेझोनेटरमधला हाच पृष्ठभागावरचा तरंग, त्याला दोन्ही करायला लावतो. लॉर्ड रॅलेंनी १८८५ मध्ये या तरंगाचं गणित मांडलं, तेव्हाच दिसलं होतं की पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू लंबवर्तुळात फिरतो. वर-खालीही हलतो आणि पुढे-मागेही. साध्या समदिश पदार्थात वर-खालचं हलणं आडव्याच्या जवळपास दीडपट असतं. वर-खालच्या हलण्याने खांब ताणला-दाबला जातो, आडव्याने तो झुलतो.

तुमच्या खांबाचा वाकण्याचा पहिला मोड, म्हणजे कंपनाची पहिली तऱ्हा, बारीक दांडीच्या सूत्राने १५ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. तो तुमच्या ७९ पासून दूर आहे, सोडून द्या. दुसरा मोड त्याच सूत्राने ९६ ला येतो. पण हे सूत्र सडपातळ दांडीसाठी आहे. तुमचा खांब व्यासाच्या दुप्पटही उंच नाही. अशा बुटक्या खांबात दुसरा मोड सूत्राच्या आकड्यापेक्षा बराच खाली उतरतो, म्हणजे तुमच्या ७९ च्या अगदी शेजारी येऊन बसू शकतो. त्यामुळे चढ उभ्या मोडमुळे आहे की वाकण्यामुळे, हे मी इथे बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते मोड्युलसवर, भिंती किती सरळ आहेत यावर आणि तळाशी रेझिस्ट पसरलाय का कोरला गेलाय यावर अवलंबून आहे. एकदा खांब तिरका पाडून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघाच. मास्कवर ६ मायक्रॉन असलेला व्यास वर ७ आणि तळाशी ५ निघालेला मी अनेकदा पाहिलाय, आणि वाकण्याच्या मोडला तळाचा व्यासच महत्त्वाचा.

आता दुसरा नमुना गप्प का राहिला? इथे तुमच्या प्रश्नातला एक आकडा मला खटकला: खांबांमधलं २५ मायक्रॉनचं अंतर. ते तुमच्या पृष्ठभागावरच्या तरंगाच्या ५० मायक्रॉन लांबीच्या बरोबर निम्मं आहे. ठरवून घेतलं असेल किंवा मास्क काढताना सोयीचं म्हणून, पण त्याने दोन गोष्टी एकदम घडतात.

पहिली अशी. रेझोनेटरमध्ये तरंग धावत नाही, उभा असतो. उभ्या तरंगात जिथे वर-खालचं हलणं जास्तीत जास्त असतं तिथे आडवं शून्य असतं, आणि पाव तरंगलांबी पुढे सरकलं की नेमकं उलट. तुमच्या बाबतीत पाव तरंगलांबी म्हणजे साडेबारा मायक्रॉन, तरंग निर्माण करणाऱ्या कंगव्यासारख्या इलेक्ट्रोडच्या एका बोटाची (दात्याची) रुंदी. अंतर अर्ध्या तरंगलांबीचं ठेवल्यामुळे तुमचे झाडून सगळे खांब एकाच प्रकारच्या जागी उभे राहिले. एक खांब वर-खालच्या शिखरावर असेल तर सगळेच तिथे. एक आडव्याच्या शिखरावर असेल तर सगळेच आडव्याच्या. दुसऱ्या थराचा मास्क जुळवताना तो सहा मायक्रॉन इकडे-तिकडे झाला, तर संपूर्ण रांगच एका मोडकडून निम्मी दुसऱ्याकडे सरकते. हाताने जुळवायच्या अलाइनरवर पारदर्शक वेफर असेल आणि खुणा धूसर असतील, तर सहा मायक्रॉन चुकणं अवघड नाही. एका मोडची चढ आणि दुसऱ्याची उतर एकमेकींना खाऊन टाकत असतील, तर बेरीज शून्याजवळ येते. दोन्ही नमुने मायक्रोस्कोपखाली घ्या आणि सर्वांत जवळच्या बोटाच्या कडेपासून पहिल्या रांगेच्या खांबाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मला वाटतं तुमचं अर्धं कोडं तिथेच सुटेल.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावरची कोणतीही रांग तरंगाला परावर्तित करते. रेझोनेटरच्या दोन्ही टोकांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आपण त्याच अंतराने काढतो. म्हणजे तुम्ही आरशांच्या मधोमध आणखी एक फिका आरसा बसवलात. त्याने आलेखातलं रेझोनेटरचं शिखर फ्रिक्वेन्सीत वर किंवा खाली सरकू शकतं, आणि त्यात खांबाच्या अनुनादाचा काही संबंध नसतो. हे दोन परिणाम वेगळे काढायचा मला माहीत असलेला सर्वांत भरवशाचा मार्ग हा: उंची बदलली की अनुनाद सरकतो, अंतर बदललं की परावर्तन सरकतं. म्हणून पुढच्या मास्कवर एक भाग १७ किंवा १८ मायक्रॉन अंतराचा ठेवा, एक भाग ठराविक अंतर न पाळणाऱ्या विखुरलेल्या खांबांचा ठेवा, पण दर चौरस मिलिमीटरला खांबांची संख्या सगळीकडे तीच राहू द्या. विखुरलेल्या भागातही चढ दिसली, तर ती खांबांचीच.

गाइडच्या शंकेलाही न्याय द्यायला हवा, कारण तापमानाचा संशय खरोखर खोडून काढावा लागतो. १२८ अंश कटच्या लिथियम नायोबेटची फ्रिक्वेन्सी दर अंशाला सुमारे ७५ पीपीएमने (दहा लाखांत ७५ भागांनी) बदलते; तापलं की उतरते, थंड झालं की चढते. ७९ मेगाहर्ट्झवर ते होतात अंशाला जवळपास ६ किलोहर्ट्झ. म्हणजे तुमची ४० किलोहर्ट्झची चढ सात अंश थंडाव्याच्या बरोबरीची आहे. आधीचं मोजमाप दुपारी आणि नंतरचं रात्री एसी लावून घेतलं असेल, किंवा पहिल्या वेळी चिप हॉटप्लेटवरून उतरवून लगेच प्रोबखाली ठेवली असेल, तर सात अंश कुठूनही येतात. उपाय सोपा आहे. त्याच चिपवर खांब नसलेला एक रेझोनेटर ठेवा, त्याच्यावरही रेझिस्टची सगळी प्रक्रिया होऊ द्या, आणि दोन्ही लागोपाठ मोजा. फरक फक्त त्या दोघांमधला धरा. रेझिस्टचा पुसट थर मागे राहिला असेल तर तोही या फरकातून वजा होतो.

हॉटप्लेटचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीची सूचना. लिथियम नायोबेट तापवताना पृष्ठभागावर विद्युतभार साठतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एक चार इंची वेफर थेट ९५ अंशांच्या प्लेटवर ठेवला होता. टिक् असा बारीक आवाज आला आणि वेफर आडवा तडकला. त्यावर तीन आठवड्यांचं काम होतं. तेव्हापासून मी प्लेट खोलीच्या तापमानाला असतानाच वेफर ठेवते, मिनिटाला दोन-तीन अंशांनी चढवते आणि तितक्याच सावकाश उतरवते. सावकाश बेकचा तुमच्या प्रश्नाशीही संबंध आहे. बेक बदललं की एसयू-८ चा मोड्युलस बदलतो, आणि मोड्युलस बदलला की वरचे ५.८ आणि ११.६ हे दोन्ही आकडे सरकतात. म्हणून तुलना करायचे सगळे नमुने एकाच बेकचे हवेत.

फ्रिक्वेन्सीबरोबर क्यूही, म्हणजे शिखर किती टोकदार आहे याचं मापही, लिहून ठेवत जा. तुमच्या प्रश्नात तो नाही. खांब खरोखर अनुनादाजवळ असेल तर तो नुसती फ्रिक्वेन्सी ढकलून थांबत नाही, तरंगातली ऊर्जाही पितो. एसयू-८ सारख्या पॉलिमरचा स्वतःचा क्यू जेमतेम दोन आकडी असतो, त्यामुळे हे पिणं स्पष्ट दिसायला हवं. फ्रिक्वेन्सी चढली, क्यू मात्र जागचा हलला नाही, तर मी तापमानाकडे किंवा परावर्तनाकडे बोट दाखवेन. फ्रिक्वेन्सीही चढली आणि क्यूही पडला, तर खांबाकडे. आणि नुसतं शिखर वाचू नका. शिखर रुंद झालं की त्याचा माथा कुठे आहे हे डोळा चुकीचं सांगतो. नेटवर्क ॲनालायझरमधून वास्तव आणि काल्पनिक दोन्ही भाग घ्या आणि त्यांना मिळून वक्र बसवा.

अनुनादाच्या अगदी जवळ गेल्यावर आणखी काय दिसतं, तेही सांगते, कारण उंचीची मालिका केलीत तर ते तुमच्या वाट्याला येऊ शकतं. तरंग आणि खांब यांच्यातली देवाणघेवाण जर दोघांच्या गळतीपेक्षा वेगाने होत असेल, तर एका शिखराची दोन होतात आणि ती एकमेकांना टाळून वळतात. २०१३ मध्ये बोखलर आणि सहकाऱ्यांनी सिलिकाच्या १ मायक्रॉनच्या गोळ्यांचा एकेरी थर पृष्ठभागावर बसवून हे सुंदर रीतीने मोजलं. तिथे स्प्रिंगचं काम गोळीचा पदार्थ करत नाही, गोळी जिथे टेकते त्या चिमुकल्या स्पर्शाचा ताठपणा करतो. एसयू-८ मध्ये गळती इतकी असते की दोन वेगळी शिखरं बहुधा दिसणार नाहीत. एकच रुंद, वाकडं शिखर दिसेल. ते दिसलं तर नमुना बिघडला असं समजून फेकून देऊ नका.

राहिला एकट्या खांबाचा प्रश्न. तुमची डिले लाइन तीस तरंगलांब्या रुंद आहे, म्हणजे दीड मिलिमीटर. त्या रुंदीभर तरंग पसरून येतो आणि वाटेत ६ मायक्रॉनचा एक खांब आहे. अनुनादात आलेला खांब आपल्या आकारापेक्षा खूप मोठी सावली पाडतो, पण तीही फार तर तरंगलांबीच्या पातळीची, त्याहून फारशी मोठी नाही. म्हणजे तुमच्या मार्गातल्या ऊर्जेचा दोन-तीन टक्के भाग. डेसिबलमध्ये ते ०.१ च्या आसपास येतं. आणि हे सर्वोत्तम परिस्थितीत, जेव्हा खांबाची सगळी ऊर्जा जमिनीतच परत जाते. मऊ एसयू-८ आणि कडक नायोबेट यांची जोडी त्या बाबतीत विजोड आहे. खांबाने घेतलेली बरीचशी ऊर्जा त्याच्या आतच उष्णता होऊन संपते, आणि सावली आणखी लहान होते. दोन्ही ट्रान्सड्युसरमधून (तरंग सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या इलेक्ट्रोडमधून) तरंग ये-जा करून येणारी लहर तुमच्या आलेखात याच्या कितीतरी पट मोठी असणार. खाच तिथे आहे, ती झाकली गेली आहे.

एकटा खांबच पाहायचा असेल तर विद्युत मोजमाप सोडा आणि थेट खांबाच्या माथ्यावर लेझर टाका. फ्रान्समध्ये बेझाँसोंच्या फेम्टो-एसटी संस्थेत बेंशाबान यांच्या गटाने एकेकट्या सूक्ष्म खांबांचं रॅले तरंगाशी असलेलं नातं लेझर इंटरफेरोमीटरने पृष्ठभाग बिंदूबिंदूने तपासून उलगडलं. माथा आणि शेजारची जमीन यांच्या हलण्याचं गुणोत्तर आणि त्यांच्यातला फेज हे दोन आकडे मिळाले, की खांब अनुनादाच्या अलीकडे आहे की पलीकडे याबद्दल वाद उरत नाही. तुमच्या जवळपास कुणाकडे इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीचं व्हायब्रोमीटर (लेझरने कंपन मोजणारं यंत्र) असेल तर एक दिवस मागून घ्या. नसेल तर एकट्या खांबाचा नाद सध्या सोडा, रांगेवरच लक्ष द्या.

मी तुमच्या जागी असते तर काम या क्रमाने केलं असतं. आज: दोन्ही नमुन्यांतली बोटापासून खांबापर्यंतची अंतरं आणि खांबांची खरी उंची, आणि जुन्याच आलेखांमधून क्यू. या आठवड्यात: त्याच चिपवरच्या खांब नसलेल्या रेझोनेटरशी तुलना. त्यानंतर नवे नमुने, आणि इथे मी खर्च वाचवायचा एक मार्ग वापरते. दहा वेगवेगळ्या उंचींचे दहा नमुने करण्यापेक्षा १० मायक्रॉनच्या एकाच नमुन्याचे खांब ऑक्सिजन प्लाझ्मात थोडेथोडे झिजवत न्या. दर वेळी उंची मोजा, थंड होऊ द्या, फ्रिक्वेन्सी आणि क्यू नोंदवा. खांब तेच, जागा तीच, अलाइनमेंट तीच, बेक तोच. बाजूंनीही थोडी झीज होते, ती मोजून हिशेबात धरा, आणि प्लाझ्मा लांबलचक न चालवता छोट्या छोट्या खेपांनी चालवा, म्हणजे खांब तापणार नाहीत. माझं म्हणणं बरोबर असेल तर उंची १० वरून उतरताना चढ आधी वाढत जाईल, ६ च्या आसपास क्यू कोसळेल, आणि त्याच्या खाली जाताच फ्रिक्वेन्सी एकदम मूळच्या खाली येईल. तसं न होता उंचीशी काहीच देणंघेणं नसल्यासारखी चढ जागच्या जागी राहिली, तर तुमचे गाइड बरोबर आहेत आणि मी २५ मायक्रॉनच्या त्या अंतराकडे परत जाईन. पहिल्या तीन उंचींचे आकडे क्यूसकट हाती आले की मला कळवा, पुढचा हिशेब आपण मिळून करू.